नामिबियाच्या वाळवंटात एक रात्र की तीन?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं निवृत्त जोडपं. ताई चौसष्टच्या, काका सदुसष्टचे. ताडोबा, कान्हा, मसाई मारा झालेलं आहे. ऑगस्टमध्ये नामिबियाला जायचं ठरतंय. एजंटने अकरा दिवसांचा कार्यक्रम दिलाय. त्यात दामारालँडच्या वाळवंटातल्या एका तंबूंच्या तळावर एकच रात्र आहे, आणि त्या एका रात्रीचं भाडं बाकी कुठल्याही मुक्कामाच्या तिप्पट. ताई विचारतात, 'तिथे प्राणी मोजकेच दिसतात म्हणे, कुंपणही नाही. हे शाकाहारी, त्यात बीपी आणि गुडघे. ती रात्र काढून टाकावी का?'

ताई, एकच रात्र असेल तर खुशाल काढून टाका. पण माझं ऐकणार असाल तर तिच्या तीन करा आणि त्यासाठी कार्यक्रमातल्या दुसऱ्या जागा गाळा. कोणत्या, ते पुढे सांगतो.

मी पंधरा वर्षं मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन तिकडे जातो. पहिल्या दोन-तीन खेपांना मीही एकच रात्र ठेवायचो, कारण कागदावर 'वाळवंटातील तळ' असं लिहिलेलं छान दिसायचं. व्हायचं काय? दिवसभर खडीच्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करून दुपारी चारला पोचायचो. तासभर फेरी, जेवण, झोप आणि पहाटे सामान बांधून पुढे. ठाण्याचे एक गृहस्थ गाडीत बसता बसता म्हणाले, 'तुमच्या त्या वाळवंटात एक शहामृग आणि दोन कावळे पाहिले. कावळे आमच्या गॅलरीत फुकट येतात.' मी हसलो, पण ते बरोबर होते. पैसे घालवले होते आणि हाती काही लागलं नव्हतं. चूक माझी होती.

ताडोबात किंवा मारामध्ये प्राणी तुमच्यापाशी येतो म्हणा, किंवा पाणवठ्यावर सापडतो. दामारालँडमध्ये तो सापडायला आधी तुम्हाला जमीन वाचता यावी लागते, आणि ती वाचायला शिकवणारा माणूस पहिल्या संध्याकाळी अजून तुमची नावं पाठ करत असतो.

आधी ही जागा कशी आहे ते सांगतो. नामिबिया देश म्हणून केवढा? क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा, आणि लोकसंख्या सगळी मिळून तीस लाखांच्या आसपास. त्याच्या वायव्येला कुनेने प्रांत आहे, आणि त्याच्या दक्षिण भागाला जुन्या सवयीने अजून दामारालँड म्हणतात. पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास, समुद्राकडे सरकाल तसा आणखी कमी. महाबळेश्वरला जुलैतल्या एका बऱ्या दिवसात तेवढा पडून जातो.

पण सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तिथे पहिल्याच दिवशी एक विचित्र ओळख पटते. सपाट माथ्याचे डोंगर, कड्यांच्या एकावर एक पायऱ्या, तांबूस-काळा दगड. साल्हेर किंवा हरिश्चंद्रगड कुणीतरी उन्हात वाळत घातलाय आणि सगळं हिरवं खरवडून काढलंय, असं वाटतं. हा नुसता भास नाही. तो दगड बेसाल्टच आहे. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर वाहिला, तिकडचा साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांपासून फाटत होत्या तेव्हा. त्याला एटेंडेका म्हणतात. त्याचा दुसरा, खूप मोठा तुकडा आज ब्राझीलमध्ये आहे. आपल्या घाटात फुटलेल्या दगडाच्या पोटात जसे पांढरे स्फटिक सापडतात तसेच तिथेही पायाखाली दिसतात. उचलून पाहा, परत ठेवा. खिशात घालू नका, तिथले लोक त्याबाबतीत कडक आहेत. आणि दगडांचा हा खच आहे म्हणूनच तिथे गाडी ताशी दहा किलोमीटरने चालते. 'सफारी' म्हटल्यावर जी मोकळ्या गवताळ माळावरची भरधाव गाडी डोळ्यांपुढे येते, ती इथे विसरा.

या दगडांच्या मुलखातून पूर्वेकडून पश्चिमेकडे काही नद्या जातात: उगाब, हुआब, होआनिब, होआरुसिब. नद्या म्हणजे वर्षाचे बहुतेक दिवस नुसती वाळू. वर डोंगरात पाऊस झाला तर पूर येतो, काही दिवस वाहतो आणि जिरतो. होआनिबचं पाणी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतही नाही, किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांशी अडतं. पण वाळूखाली ओल राहते आणि त्या ओलीवर मोठाली झाडं उभी आहेत. त्यातलं आनाचं झाड महत्त्वाचं. बाभळीसारख्याच शेंगांच्या कुळातलं, शेंगा सफरचंदाच्या सालीसारख्या पिळवटलेल्या. पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं राहतं, म्हणजे सगळ्यांच्या उलट. हत्ती त्याच्या शेंगांवर जगतात. खोडाला कपाळ लावून झाड हलवतात आणि खाली पडलेल्या शेंगा सोंडेने एकेक वेचतात. अगदी आपल्याकडे बोरं वेचावीत तशा.

हे 'वाळवंटी हत्ती' वेगळ्या जातीचे नाहीत, बाकी आफ्रिकेतले तेच हत्ती. पण वागणं वेगळं. पाण्यावाचून तीन-चार दिवस काढतात, एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर रात्रीतून लांबचा पल्ला मारतात, वाळूत सोंडेने खड्डा करून पाणी झिरपायची वाट बघतात. त्यांच्या पाठोपाठ त्याच खड्ड्यावर बबून माकडं येतात, गेम्सबॉक हरणं येतात. ही वाट तुम्हालाही बघावी लागते. गाडी बंद करून आनाच्या सावलीत पाऊण तास बसलं की हत्ती आपल्याला विसरतात आणि आपलं काम करू लागतात. घाईच्या माणसाला ते फक्त पाठमोरे दिसतात.

सकाळी समुद्राकडून धुकं येतं. किनाऱ्याने बेंग्वेलाचा थंड प्रवाह जातो. त्यामुळे ढग पाऊस देत नाहीत, पण धुकं मात्र आत कित्येक किलोमीटर शिरतं. किनाऱ्याजवळच्या टेकड्यांवरचा एक काळा भुंगेरा त्या धुक्यात डोकं खाली, ढुंगण वर करून उभा राहतो आणि अंगावर जमलेलं पाणी तोंडाशी ओघळू देतो. तिथल्याच वेल्विचिया नावाच्या झाडाला जन्मभर पानं दोनच, आणि जन्म हजार वर्षांहूनही मोठा असू शकतो. ती दोन पानं वाऱ्याने चिरत चिरत चिंध्यांचा ढीग होतो. मंडळी पहिल्यांदा विचारतात, 'हा कचरा कुणी टाकला?'

आता मुख्य गोष्ट, गेंडा. ताई, तुम्ही या तळावर जाणार ते मुख्यतः याच्यासाठी. जगातल्या काळ्या गेंड्यांपैकी साधारण एक तृतीयांश नामिबियात आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर, कुंपणाविना मोकळे फिरणारे सर्वांत जास्त या डोंगरांत. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात शिकारीने इथले गेंडे संपत आले होते. १९८२ मध्ये 'सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट' सुरू झाला. त्याच सुमाराला गावच्या प्रमुखांनी नेमलेले स्थानिक राखणदार उभे राहिले. त्यांच्यातले काही आधीचे शिकारीच होते, आणि सुरुवातीला मेहनताना म्हणून त्यांना मक्याचं पीठ वगैरे शिधा मिळायचा. ज्याला गेंडा मारायला सापडतो त्यालाच तो राखायलाही सापडतो, हा साधा हिशेब.

आजही तुम्हाला गेंडा दाखवतो तो या परंपरेतलाच माणूस. पहाटे तुमच्या आधी ट्रॅकरांची गाडी निघते. ते झऱ्यावर जातात आणि रात्री कोण पिऊन गेलं ते पाहतात. काळ्या गेंड्याचा माग तीन बोटांचा. लेंडात काड्या दिसतात, त्या तिरक्या, सुरीने छाटल्यासारख्या कापलेल्या. हत्तीच्या लेंडातल्या काड्या चिंधडलेल्या असतात. हा फरक पहिल्या दिवशी दाखवला की दुसऱ्या दिवशी माझ्या गटातली मंडळी स्वतः ओणवी होऊन बघत असतात. पुण्याच्या एका शिक्षिकाबाईंनी तर ट्रॅकरच्या आधी ताजा माग ओळखला. त्याने टोपी काढून त्यांना नमस्कार केला, आणि बाईंनी उरलेला प्रवासभर आम्हाला ते विसरू दिलं नाही.

माग लागला की ट्रॅकर वायरलेसवर कळवतात आणि तुमची गाडी जमेल तितकी जवळ जाते. तिथून पायी, एकामागे एक, वारा तोंडावर घेऊन. गेंड्याला दिसतं कमी, पण ऐकू येतं आणि वास लागतो, म्हणून वारा फिरला की सगळा डाव मोडून मागे फिरायचं. अत्तर, सेंट, डास पळवायचं मलम, काही नको. दगडावर दगड वाजू द्यायचा नाही. एरवी सकाळी दहानंतर तो दामारा युफोर्बियाच्या झुडपाशी आडवा झालेला असतो. हे झुडूप आपल्याकडच्या कुंपणाच्या शेरासारखं, पेन्सिलीएवढ्या कांड्यांचं, आणि चीकही तसाच विषारी. माणसाला तो भारी पडतो. गेंडा मात्र ते चवीने खातो आणि मग त्याच्याच सावलीत झोपतो.

शंभर-दीडशे मीटरवर थांबायचं. ट्रॅकर दुर्बिणीतून कानांवरच्या खुणा पाहतो, वहीत नोंद करतो: कोण, कुठे, तब्येत कशी, शिंगाची अवस्था काय. दहा मिनिटं, फार तर पंधरा, आणि परत. त्याला कळायच्या आत निघायचं, कारण एकदा बिथरून पळाला की या उन्हात काही किलोमीटर पळतो आणि त्याचं पाणी-चाऱ्याचं गणित बिघडतं. फोटो लांबून येतो आणि बहुधा त्यात एक राखाडी दगड झोपलेला दिसतो. काही गेंड्यांची शिंगं कापलेलीही असतील. शिकाऱ्यांचा हेतूच संपावा म्हणून नामिबियाने १९८९ मध्ये हा उपाय जगात पहिल्यांदा केला. फोटो टाकताना ठिकाण लिहू नका, फोनमधलं लोकेशन बंद ठेवा. शिकारी ते वाचतात.

हे सगळं पहिल्याच सकाळी जमेल याची काही खात्री नाही. माझ्या अनुभवात तीन सकाळी हाताशी असल्या तर बहुतेक वेळा जमतं. एका सकाळी निम्म्या वेळा नाही. तीन रात्रींचं माझं गणित मुख्यतः इथून येतं.

सिंह? आहेत, पण त्यांच्या भरवशावर जाऊ नका. एकेका कळपाचा मुलूख आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा असतो. काही सिंहिणी तर समुद्रकिनाऱ्यावर जाऊन सीलची शिकार करतात. ऑगस्टात स्प्रिंगबॉक, गेम्सबॉक, डोंगरी झेब्रा, जिराफ, शहामृग एवढं बहुधा दिसेल, तेही विरळ. गेली दहा-बारा वर्षं त्या भागात दुष्काळ पुन्हा पुन्हा पडतोय, मे २०२४ मध्ये सरकारने देशभर आणीबाणी जाहीर केली होती. त्यामुळे जुन्या फोटोंतले शंभर-शंभर गेम्सबॉकचे कळप मनात धरून जाऊ नका.

राहण्याचं सांगतो. तंबू म्हणजे शाळेच्या सहलीतला तंबू नव्हे. लाकडी चौथऱ्यावर जाड कापडाची खोली, आत खऱ्या खाटा, मागे संडास आणि न्हाणी. तळावर असे आठ-दहाच तंबू, एकमेकांपासून लांब. वीज सौर, म्हणून केस वाळवायचं यंत्र आणि इस्त्री विसरा. फोन, कॅमेरा चार्ज होतात, पण रात्री श्वासाचं सी-पॅप यंत्र लागणाऱ्यांनी आधी लेखी विचारावं. पाणी बोअरचं. न्हाणीत एक बादली ठेवलेली असते. गरम पाणी येईपर्यंत जे थंड वाहतं ते त्या बादलीत धरायचं, ते पुढे सफाईला जातं. हे आपल्या पिढीला सांगावं लागत नाही. माझ्या गटांत बादलीकडे बघून गोंधळतात ती फक्त तरुण मंडळी.

ऑगस्टात दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास, पण पहाटे पाच-सहा, आणि उघड्या गाडीत वारा लागला की त्याहून कमी वाटतं. कानटोपी, मफलर, हातमोजे न्या. आफ्रिकेत थंडी कसली म्हणून नुसते सुती कुर्ते घेऊन आलेल्या एका काकूंनी चारही सकाळी तळाचं पांघरूण अंगाभोवती गुंडाळून घालवल्या. हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्त येऊ शकतं. व्हॅसलीन आणि खोबरेल जवळ ठेवा. कधी पूर्वेकडून गरम वाळूचा वारा सुटतो. तो सुटला की दिवसभर तंबूत पडून राहायचं आणि दातांत वाळू चावायची. त्यावर दुसरा इलाज नाही.

कुंपणाचं. खरंच नसतं. अंधार पडल्यावर तंबूपर्यंत एक माणूस सोबत येतो, पहाटेही तोच घ्यायला येतो. मधल्या वेळात बाहेर पडायचं नाही. हा नियम शिष्टाचार म्हणून नाही. मे २०२५ मध्ये सेसफॉन्टेनच्या भागात रात्री तंबूबाहेर पडलेल्या एका माणसाचा सिंहाने बळी घेतला, आणि तो त्या मुलखात मुरलेला माणूस होता. संडास तंबूच्या आतच जोडलेला आहे ना, हे आरक्षण करतानाच विचारा. या वयात रात्री दोनदा उठावं लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आतून चेन बंद असलेल्या तंबूशी सिंहाला सहसा काही देणंघेणं नसतं. बऱ्याच तळांवर उशाशी भोंगा असतो, संकटात वाजवायला. एका ऑक्टोबरात रात्री साडेआठला माझ्या गटातून भोंगा वाजला. सगळे धावले. 'बाहेर कुणीतरी सारखं टक-टक करतंय!' ती तिथली पाल होती, बोटभर लांब. संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी बसून माद्यांना बोलावते. विंचवासाठी मात्र आपली गावाकडची सवय चालू ठेवा, बूट झटकून घालायचे.

शाकाहाराची काळजी सोडा, पण महिनाभर आधी लेखी कळवा, आणि 'शाकाहारी' एवढंच लिहू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, मासे म्हणजे मांस हे त्यांना स्पष्ट सांगा. सामान राजधानी विंडहोकहून किंवा किनाऱ्यावरून ट्रकने येतं, आयत्या वेळी गावातून पालक आणू म्हटलं तर गाव दीडशे किलोमीटरवर. नाहीतर तीन रात्री पास्ता आणि भाजलेला भोपळा मिळतो. तोही चांगला असतो, पण तीन रात्री!

यावर एक आठवण आहे. उत्तर नामिबियातल्या ओवाम्बो लोकांचं रोजचं धान्य माहांगू, म्हणजे आपली बाजरीच. त्याचा ते घट्ट उकडीसारखा लगदा करून हाताने खातात. एका तळावरचा स्वयंपाकी तिकडचा होता. पाहुण्यांना हे वाढत नसत, पण कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पिठाचं पोतं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या कोल्हापूरच्या एका मावशींना त्याचा वास लागला. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात. पीठ थोडं भरड आणि किंचित आंबूस, कारण तिकडे दळण्याआधी धान्य भिजवायची पद्धत आहे, त्यामुळे पहिल्या दोन भाकऱ्या थापतानाच मोडल्या. मग मावशींनी पाणी उकळून पीठ त्यात मळलं आणि जमलं. लोखंडी पातेल्याच्या झाकणावर भाजलेली भाकरी, वर लोणी आणि आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी. स्वयंपाक्याने एक पूर्ण खाल्ली आणि म्हणाला, 'आम्ही हे शिजवतो, तुम्ही याला मारता.'

पैशाचं. विमानाने पोचायचे चांगले तळ माणशी रात्रीला पाचशे ते हजार डॉलर घेतात, काही त्याहून जास्त. त्यात जेवण, फेऱ्या, ट्रॅकर सगळं येतं. तरी महागच. पण शेकडो चौरस किलोमीटरमध्ये वीस पाहुणे, आणि डिझेलपासून टोमॅटोपर्यंत सगळं ट्रकने, तेव्हा स्वस्त कसं होणार? दुसरं म्हणजे जमीन. नामिबिया दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात होता त्या वर्णभेदाच्या काळात हा नापीक मुलूख दामारा लोकांसाठी 'होमलँड' म्हणून बाजूला काढला होता. १९७३-७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रीमवासमाक गावच्या लोकांना उठवून इथे आणून टाकलं. १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना त्यांच्या भागातल्या वन्यप्राण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला. १९९८ मध्ये पहिल्या चार 'कॉन्झर्व्हन्सी', म्हणजे गावकऱ्यांनीच सांभाळायची वन्यजीव क्षेत्रं, झाल्या. तोर्रा त्यातली एक, त्याच रीमवासमाकच्या लोकांची वस्ती जिथे आहे ती. आज अशा ८६ आहेत आणि देशाचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे आहे. तुमच्या भाड्यातून कॉन्झर्व्हन्सीला किती जातं आणि तळावर गावची माणसं किती आहेत, हे एजंटला विचारा. जो 'विचारून सांगतो' म्हणतो आणि सांगत नाही, त्याच्याकडून आरक्षण करू नका. सगळं आलबेल आहे असंही नाही. सिंहाने गाय नेली तर भरपाई कमी पडते आणि लोक चिडतात. तो राग रास्त आहे. तळावरच्या माणसांशी ओळख झाली की ते स्वतःच सांगतात. पहिल्या रात्री नाही सांगत.

आता प्रवास. विंडहोकहून रस्त्याने गेलात तर खोरिक्सासमार्गे पूर्ण दिवस जातो, शेवटचे काही तास खडीवर. काकांच्या पाठीचा विचार करता मी एका बाजूने तरी छोटं विमान घेईन. सहा-बारा जणांचं सेस्ना असतं, विंडहोकच्या एरॉस विमानतळावरून निघतं. सामानाची मर्यादा हँडबॅग धरून पंधरा किंवा वीस किलो, बॅग मऊ हवी, चाकं आणि कडक सांगाडा नको, ती पोटात मावत नाही. माणसांचंही वजन विचारतात. खरं सांगा, वैमानिक त्यावरून बसायच्या जागा ठरवतो. दुपारच्या उड्डाणात विमान गरम हवेने फार हेलकावतं, सकाळचं मागा.

मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर निदान दहा दिवस आधी यलो फीव्हरची लस घेऊन पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकाल. जोहान्सबर्गमार्गे असेल तर तिकीट शेवटपर्यंत एकच हवं. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान घ्यायला बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो. एका एजंटने हे न सांगितल्यामुळे माझ्या ओळखीचं एक कुटुंब तिथूनच परत फिरलं.

काकांच्या बीपीच्या गोळ्या दुप्पट घ्या, निम्म्या तुमच्या पर्समध्ये, निम्म्या त्यांच्या खिशात. धड इस्पितळ विमानाच्या अंतरावर आहे, म्हणून विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा. मलेरियाबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. कोरड्या ऑगस्टात तिकडे धोका कमी, पण तुम्ही एतोशा राष्ट्रीय उद्यानातही जाणार आहात.

आणि गाळायचं काय? एजंटच्या कागदावर ओट्जिवारोंगोजवळचं चित्त्यांचं केंद्र आहे, तिथली रात्र गाळा. तुम्हाला ते आवडणार नाही, कारण १७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत आलेले आठ चित्ते नामिबियातूनच आले आणि प्रत्येक मराठी गट मला तिथे घेऊन चला म्हणतो. केंद्र चांगलं आहे, पण तिथे चित्ते कुंपणात दिसतात. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावातल्या दोनपैकी एक रात्रही काढून टाका. झाल्या तीन.

क्रमही उलटा करून घ्या. सगळे एजंट वाळूच्या टेकड्या, समुद्र, दामारालँड आणि शेवटी एतोशा असं नेतात. तुम्ही एतोशा आधी करा. ओकाउकुएयोच्या पाणवठ्यावर रात्री दिव्याच्या उजेडात बाकावर बसून हत्ती, गेंडे, सिंह पोटभर बघून घ्या. मोजायची हौस एकदा तिथे फिटली की वाळवंटात माणूस मोजत नाही.

राहिले गुडघे. गेंड्यामागची चाल सपाटीवरची नसते. चेंडूएवढ्या सुट्या दगडांवरून कधी अर्धा तास, कधी दोन. काठी न्या, घोट्याच्या वर येणारे बूट न्या, आणि नाही जमत वाटलं तर काकांनी गाडीत बसावं, ड्रायव्हर सोबत थांबतो. मागे सांगलीचे एक आजोबा असेच थांबले होते. आम्ही दोन तास तंगडतोड केली, वारा फिरला, गेंडा न बघता परत आलो. हे मजेत. गाडीपासून वीस पावलांवर वाळूत जरासं पाणी होतं. त्यावर पखुर्ड्या उतरल्या होत्या आणि नर पोटाची पिसं भिजवून पिलांसाठी पाणी घेऊन जाताना यांनी नीट पाहिले होते. आमच्या वाटची रस्क त्यांनी आणि ड्रायव्हरने संपवलेली होती.